म्हातारपण नसलेलं गाव

अबुधाबीच्या बेटावरून पूल ओलांडून मुख्य भूमीवर आलं की मुसफ्फा लागतं. गॅरेजं, वेल्डिंगची दुकानं, पोलादाची गोदामं, गाड्यांच्या सुट्या भागांचे ढीग आणि त्यामागं कामगारांच्या राहण्याच्या इमारती. इथल्या भागांना नावांऐवजी नंबर आहेत, एम-१ पासून थेट एम-४० च्या पुढे. संध्याकाळी कंपन्यांच्या बसमधून उतरणारी गर्दी नीट पाहिली तर तिच्यात काठी टेकत चालणारं कुणी सापडत नाही. नातवंडाचं बोट धरलेली आजी नाही, बाकावर बसून पेपर वाचणारे आजोबा नाहीत. लाखोंची वस्ती आहे, आणि तिला म्हातारपण नाही.

हे आपोआप झालेलं नाही. अमिरातीत परदेशी माणूस राहतो तो नोकरीच्या जोरावर, आणि नोकरीचा परवाना बराच काळ साठीला संपत असे. २०११ च्या सुमारास ती मर्यादा पासष्टपर्यंत सरकली. साथीच्या काळात आईवडिलांना आपल्यासोबत ठेवायचं असेल तर महिना २० हजार दिरहम पगार लागे, शिवाय दोघांचा आरोग्य विमा. मुसफ्फातल्या फिटरला किंवा ड्रायव्हरला हा आकडा पुढच्या जन्मीचा वाटावा असा. अख्ख्या अमिरातीत पासष्टीपुढची माणसं शेकडा दोनसुद्धा भरत नाहीत. मुसफ्फाला म्हातारी माणसं आहेत, भरपूर आहेत. फक्त ती दापोलीत, सावंतवाडीत, मलप्पुरममध्ये आणि पेशावरकडे राहतात. २०२० साली कोविडची साथ आली तेव्हा या गावापुढं दुहेरी काम येऊन पडलं. स्वतःला वाचवायचं, आणि समुद्रापलीकडच्या आपल्या म्हाताऱ्यांनाही.

अबुधाबीचं तेल पहिल्यांदा परदेशी गेलं ते १९६२ मध्ये. शेख झायद १९६६ मध्ये गादीवर आले, बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा मक्ता पूल १९६८ मध्ये खुला झाला, आणि शहर वाढलं तशी वर्कशॉपं बेटावरून उचलून या क्षारट सपाटीवर आली. त्याआधीही मुंबईचा या किनाऱ्याशी जुना घरोबा होता. आखाती मोती विकले जात मुंबईत. १९५९ ते १९६६ या काळात अबुधाबीच्या बाजारात चालणारा रुपया भारताच्या रिझर्व्ह बँकेनं खास आखातासाठी छापलेला होता. कोकणातला माणूस इथं आला तो या जुन्या वाटेनंच, फक्त आता मोत्यांऐवजी पाइपलाइनसाठी.

आणि तो एक सवयही घेऊन आला. घरापासून लांब राहून घर चालवण्याची.

कोकणानं ही सवय मुंबईत गिरवली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या सुरू झाल्या, जवान पोरं आगबोटीनं मुंबईला गेली, म्हातारी माणसं आणि बायका गावी राहिल्या. १८८० मध्ये टपालखात्यानं मनीऑर्डर सुरू केली आणि या विभागलेल्या संसाराला पैसे पोचवण्याची खात्रीची सोय झाली. पोस्टमन अंगणात येई, म्हातारा अंगठा उठवी, सोबतच्या चार ओळी पोस्टमनच वाचून दाखवी. अर्थशास्त्रज्ञ पुढं याला मनीऑर्डरची अर्थव्यवस्था म्हणू लागले. त्या काळात म्हाताऱ्या आईवडिलांचं पेन्शन, विमा, दवाखान्याचा खर्च सगळं त्या एका फॉर्मात मावत असे. या विभागलेल्या संसाराच्या खुणा जनगणनेत दिसतात. २०११ ला रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागं ११२२ बायका होत्या, आणि २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली.

साथ आली की या व्यवस्थेची परीक्षा होते. पहिली मोठी परीक्षा १८९६ च्या प्लेगनं घेतली. मांडवी भागात सप्टेंबरमध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत साडेआठ लाखांच्या मुंबईतून जवळपास निम्मी माणसं पळाली. पळून जायचं कुठं? गावी, म्हाताऱ्या आईवडिलांकडं. ज्यांना पोसायला शहरात आलो त्यांच्याच दारात रोग घेऊन उभं राहण्याची ही वेळ. सरकारनं ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आणला, रेल्वे स्थानकांवर आणि बंदरांवर तपासण्या सुरू झाल्या. मुंबईहून हज यात्रेला जाणाऱ्या बोटी त्याच वर्षी थांबवल्या गेल्या, आणि युरोपीय देशांनी व्हेनिसमध्ये परिषद भरवून मुंबईचा प्लेग इराणच्या आखातात कसा शिरू द्यायचा नाही याची चर्चा केली. साथीच्या काळात भारतातून येणाऱ्या माणसाकडं संशयानं पाहणं असं जुनंच आहे.

त्या साथीत वयस्कर माणसं फक्त जपण्याची वस्तू होती असं मात्र नाही. पुण्याजवळ ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुल्यांनी काढलेल्या दवाखान्यात रुग्ण आणून पोचवणाऱ्या सावित्रीबाई तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणलं, त्यांनाच लागण झाली, आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आजच्या कुठल्याही सरकारी पत्रकानं त्यांना ‘अतिजोखमीचा गट’ म्हणून घरात बसवलं असतं. आणि खरं सांगायचं तर त्या बसल्या नसत्या.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झानं हिशेब उलटा केला. जूनमध्ये बोटीतून आलेल्या या तापानं मुंबईत ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ बळी घेतले. त्याचा मोठा घाव बसला तो विशी ते चाळिशीतल्या माणसांवर. मागं उरले ते म्हातारे आणि पोरं. मनीऑर्डर पाठवणारा हातच गेला की सत्तरीच्या आजीला पुन्हा शेतात उतरावं लागतं आणि नातवंडं वाढवावी लागतात. साथीत वृद्धांचं काय झालं याचा विचार करताना आपण नेहमी मृत्यूचे आकडे पाहतो. कमावत्या मुलामागं जगत राहिलेल्या म्हाताऱ्यांचा हिशेब कुठल्याच अहवालात नीट येत नाही.

आता पुन्हा मुसफ्फात. २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारनं तोच १८९७ चा कायदा बाहेर काढला, भारतात उतरणारी आंतरराष्ट्रीय विमानं २२ मार्चपासून थांबली, आणि त्याच आठवड्याच्या आगेमागे मुसफ्फाकरांवर एक वेगळंच संकट कोसळलं. यूएई एक्स्चेंज या १९८० मध्ये अबुधाबीत सुरू झालेल्या, पैसे पाठवण्याच्या सर्वांत ओळखीच्या कंपनीनं नवे व्यवहार थांबवले. प्रवर्तकांच्या कर्जाचा आणि हिशेबांचा घोळ बाहेर आला होता आणि तिथल्या मध्यवर्ती बँकेनं देखरेख हाती घेतली. पगाराच्या दिवशी ज्या काउंटरपुढं रांग लावायची तिथं शटर. दुसऱ्या कंपन्या होत्या, मोबाइलवरची सोय होती, पण गावाकडं औषधाच्या दुकानात मांडून ठेवलेली उधारी वेळेवर फेडण्याची घडी विस्कटली ती विस्कटलीच.

३० एप्रिल २०२० ला अबुधाबीच्या आरोग्य विभागानं मुसफ्फात तपासणीची मोहीम सुरू केली. दोन आठवड्यांत तिथल्या ३ लाख ३५ हजार रहिवाशांची आणि कामगारांची तपासणी हे उद्दिष्ट. रमजानचे दिवस, चाळिशीकडं चढणारं तापमान, मास्क लावून अंतरावर उभ्या रांगा. व्हिसा संपलेल्यांनीही यावं, कारवाई होणार नाही, असं जाहीर झालं, आणि ते शहाणपणाचं होतं. लपलेला माणूस साथीत सगळ्यांनाच महाग पडतो. त्याआधी २८ मार्चला झायद स्पोर्ट्स सिटीत गाडीत बसल्या बसल्या चाचणीचं केंद्र उघडलं होतं, तिथं वृद्ध, गरोदर बायका आणि जुनाट आजाराच्या माणसांना प्राधान्य होतं. म्हणजे नियम होता तो योग्यच होता. फक्त मुसफ्फात त्या नियमाखाली यायला वृद्धच नव्हते.

की होते? अमिरातीच्या रोजच्या पत्रकांत त्या वसंतात मृतांबद्दल एकच वाक्य परत परत येई: विविध देशांचे नागरिक, जुनाट आजार असलेले. कागदावर पन्नाशीतला माणूस तरुण असतो. पंचवीस वर्षं उन्हात काम, मेसचं तेलकट जेवण, अंगात मुरलेला मधुमेह आणि रक्तदाबाची गोळी परवडेल तेव्हा. अशा माणसाचं शरीर त्याच्या पासपोर्टपेक्षा दहा वर्षं पुढं गेलेलं असतं. खोलीत दुमजली खाटा, खालची खाट वयानं मोठ्या माणसाला द्यायची हा अलिखित रिवाज. साथीत वयाची रेघ साठीवर मारणाऱ्या सरकारांना ही खालची खाट दिसली नाही, हा या गोष्टीतला माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित भाग.

मे महिन्यात मॉल पुन्हा उघडले तेव्हा साठीपुढच्यांना आणि बारा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश बंद होता. महाराष्ट्रातही तोच सूर. पासष्टीपुढच्यांनी घरात थांबावं असं केंद्रानं सांगितलं, आणि राज्यानं चित्रपट-मालिकांच्या सेटवर पासष्टीपुढच्या कलाकारांना मज्जाव केला. सत्तरीतल्या एका कलाकारानं त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. बाकीच्या व्यवसायांतला पासष्टीचा माणूस दुकान उघडू शकतो, मग नट का नाही, असा साधा मुद्दा. ७ ऑगस्ट २०२० ला न्यायालयानं ती अट भेदभावाची ठरवून रद्द केली. म्हाताऱ्यांना जपणं आणि म्हाताऱ्यांना डांबणं यातली सीमा नेमकी कुठं, हे ठरवायला एका म्हाताऱ्यालाच कोर्टाची पायरी चढावी लागली.

गावी मात्र प्रश्न कोर्टापर्यंत जाण्यासारखा नव्हता. मे २०२० पासून मुंबईचे चाकरमानी कोकणात परतू लागले, आणि सव्वाशे वर्षांपूर्वीचा प्रसंग जसाच्या तसा उभा राहिला. मुलानं यावं असं आईला वाटतं आणि येऊ नये असं गावाला वाटतं. शाळांच्या वर्गांत विलगीकरण, वेशीवर नोंदवही, ‘मुंबईकर इल्ले’ म्हटलं की मागं सरकणारी माणसं. गणपतीसाठी विलगीकरणाचे दिवस चौदाचे दहा करायचे की नाही यावर राज्यात खल झाला, शेवटी दहा ठरले. चेष्टेचा विषय झाला, पण ज्या घरात ऐंशीची आजी होती तिथं ती चेष्टा नव्हती. मुसफ्फातल्या मुलाला हा पेच निदान पडला नाही. त्याला यायची सोयच नव्हती.

वंदे भारत मोहिमेचं पहिलं विमान ७ मे २०२० ला अबुधाबीहूनच सुटलं, पण कोचीला. नोकरी गेलेले, आजारी, गरोदर बायका, वृद्ध यांना आधी जागा. बाकीच्यांनी दूतावासाच्या यादीत नाव नोंदवून वाट पाहायची. तोवर आधार फोनचा, आणि तोही सरळ नाही. अमिरातीत तेव्हा व्हॉट्सॲपवर लिहिता येई, आवाज रेकॉर्ड करून पाठवता येई, पण कॉल लागत नसे. त्यासाठी बोटिमसारखं परवानगी असलेलं ॲप घ्यायचं, महिन्याचे दिरहम भरायचे, आणि तेच ॲप गावातल्या आईच्या फोनमध्ये शेजारच्या पोराकडून टाकून घ्यायचं. मग खाटेवर बसून रोजचा संवाद: ‘गे आये, फोन जरा लांब धर, तुझा कपाळच दिसता.’ गोळ्यांच्या रिकाम्या पट्टीचा फोटो पाठवायचा, मुलानं नाव वाचून तालुक्याच्या औषधवाल्याला फोन करायचा, त्यानं ती पट्टी एसटीच्या, एसटी बंद असेल तर दुधाच्या गाडीवर द्यायची. जुन्या पोस्टमनचं काम आता तीन-चार माणसांत वाटलं गेलं होतं.

आणि मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या, विजेचे खांब पडले, कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. मोबाइलचे मनोरे मुके. इतके दिवस फोनवर चालवलेली सगळी देखभाल तिथंच तुटली. मुसफ्फातली माणसं बातम्यांतले छपरं उडालेले फोटो मोठे करकरून आपलं घर शोधत होती. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळानं पुन्हा तेच केलं, तेही दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात.

राज्यानं १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही घरोघरची पाहणी काढली. आशाताई आणि स्वयंसेवक थर्मामीटर आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घेऊन दारोदार गेले, ताप बघितला, प्राणवायू बघितला, मधुमेह आहे का विचारलं. नावातला उपदेश काढून टाकला तर मोहीम कामाची होती, कारण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याच्या बोटाला कुणीतरी पहिल्यांदाच ते यंत्र लावत होतं. आणि अशा घरांना पोसणारा पैसा? जागतिक बँकेनं एप्रिल २०२० मध्ये अंदाज बांधला होता की भारतात परदेशातून येणारा पैसा २३ टक्क्यांनी घटेल. प्रत्यक्षात वर्षभराची घट निघाली जेमतेम ०.२ टक्के. अमिरातीतून येणारा पैसा मात्र १७ टक्क्यांनी आटला होता. एकूण आकडा सावरला, मुसफ्फाचा सावरला नाही.

लशीच्या कथेत मुसफ्फाच्या वयोगटाची गंमत पुन्हा दिसते. चिनी सिनोफार्म लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी अबुधाबीत १६ जुलै २०२० ला सुरू झाली. सव्वाशे देशांचे सुमारे ३१ हजार स्वयंसेवक पुढं आले. वयाची अट अठरा ते साठ, म्हणजे जवळजवळ कामगाराचंच वय. ९ डिसेंबरला अमिरातीनं लशीला मान्यता दिली, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत आरोग्य केंद्रांतल्या लशी काही आठवडे वृद्ध आणि जुनाट आजाराच्या माणसांसाठी राखून ठेवल्या. ज्यांच्यावर चाचणी झाली त्यांनी थांबायचं, ज्यांच्यावर फारशी झालीच नाही त्यांना आधी. जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२१ मध्ये या लशीला मंजुरी देताना साठीपुढच्यांबद्दलची माहिती तोकडी असल्याचं नमूद केलंच. त्याच महिन्यात अमिरातीनं तिसरा डोस जाहीर केला.

भारतात साठीपुढच्यांचं लसीकरण १ मार्च २०२१ ला सुरू झालं, आणि मुसफ्फातल्या मुलांच्या रात्री कोविन या लसनोंदणीच्या संकेतस्थळावर जाऊ लागल्या. एका मोबाइल नंबरवर चार नावं नोंदवता येत. नंबर भारतातला हवा, अमिरातीचा चालत नसे. म्हणजे इकडं मुलगा नाव-गाव-आधार क्रमांक टाकणार, सांकेतिक आकडा तिकडं आईच्या फोनवर येणार, तिनं चष्मा शोधून सहा आकडे वाचून दाखवायचे, आणि ते इकडं भरेपर्यंत मुदत संपणार. पुन्हा पहिल्यापासून. शहाणी माणसं शेवटी सकाळी आधार कार्ड घेऊन सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन बसली, साठीपुढच्यांना ती मुभा होती. मे महिन्यात लशी कमी पडल्या तेव्हा राज्यानं अठरा ते चव्वेचाळीस वयाचं लसीकरण थांबवून त्या कुप्या पंचेचाळीसपुढच्यांच्या दुसऱ्या डोसकडं वळवल्या. मुंबईत दादरच्या कोहिनूर वाहनतळावर गाडीत बसून लस घ्यायची सोय झाली. ज्यांच्याकडं गाडीही नाही आणि अंथरुणातून उठताही येत नाही त्यांचं काय, हा प्रश्न उच्च न्यायालयात गेला. केंद्र घरोघरी लशीला राजी नव्हतं, न्यायालयानं पिच्छा सोडला नाही, आणि ३० जुलैला मुंबई महापालिकेनं अंधेरी-जोगेश्वरीकडून अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन टोचायला सुरुवात केली. नाव ई-मेलनं कळवायचं, डॉक्टरचा दाखला जोडायचा. हे अर्ज आखातातूनही भरता येत होते. कोविनच्या फोन नंबरापेक्षा ई-मेल दयाळू निघाला.

या सगळ्या काळात अमिरातीनं भारतातून येणारी विमानं बंद केली होती, २४ एप्रिल २०२१ च्या रात्रीपासून. दुसऱ्या लाटेत बापाला खाट मिळेना म्हणून जे धावत गावी आले ते तिकडंच अडकले. ५ ऑगस्टला दार किलकिलं झालं ते मुख्यतः अमिरातीत दोन्ही डोस घेतलेल्या रहिवाशांसाठी, विमानतळावरची तातडीची चाचणी करून. गावी राहून आईवडिलांबरोबर रांगेत उभं राहून कोविशील्ड घेतलेल्यांना आणखी थांबावं लागलं. जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलेली कुठलीही लस चालेल, असा नियम १२ सप्टेंबरपासून लागू झाला आणि मग ते परतले. आईवडिलांना सोबत ठेवण्यासाठी २० हजार दिरहमची अट तेव्हाही होती तशीच होती. पंचावन्नपुढच्या धनिकांसाठी निवृत्तीचा व्हिसा मात्र दुबईनं साथीतच, सप्टेंबर २०२० मध्ये, जाहीर केला होता.